इथे कॉपी, तिथे पेस्ट

प्रश्नपत्रिका संगणकावर टंकण्याचे काम ज्यांनी केले आहे त्यांना हा अनुभव नवा नाही. निम्मे प्रश्न घरच्या लॅपटॉपवर तयार असतात, निम्मे शाळेतल्या संगणकावर. मधला एक परिच्छेद इकडून तिकडे न्यायचा असतो. दोन्ही यंत्रे एकाच टेबलावर, हातभर अंतरावर असतात. तरीही आपण पेनड्राइव्ह शोधत बसतो, किंवा तो परिच्छेद स्वतःलाच ई-मेलने पाठवतो. हातभर अंतर कापण्यासाठी आपला मजकूर कुठल्या तरी दूरच्या संगणकापर्यंत जाऊन परत येतो!

एकाच यंत्राच्या आत मात्र हेच काम अगदी सोपे असते. एक जोडकळ दाबली की कॉपी, दुसरी दाबली की पेस्ट. मग एका यंत्रावर कॉपी आणि दुसऱ्यावर पेस्ट, असे का होऊ नये? तसे करता येते, आणि त्यासाठी लागणाऱ्या आज्ञा एका ओळीत मावतात. मात्र त्या वापरण्यापूर्वी तीन प्रश्न विचारायला हवेत. कॉपी केलेला मजकूर राहतो कुठे? तो दुसऱ्या यंत्राकडे जातो कोणत्या रूपात? आणि वाटेत तो आणखी कोणाला वाचता येतो? पहिल्या दोन प्रश्नांत गंमत आहे. तिसऱ्यात आपली जबाबदारी आहे.

चिमटा लावलेला पुठ्ठा

क्लिपबोर्ड म्हणजे चिमटा लावलेला पुठ्ठा. परीक्षेला मुले जो पॅड नेतात, तोच. संगणकातला क्लिपबोर्ड मात्र असा आहे की त्याच्या चिमट्यात एका वेळी एकच कागद बसतो. नवा कागद लावला की जुना आपोआप निघून जातो.

या कल्पनेचे श्रेय प्रामुख्याने लॅरी टेस्लर (१९४५–२०२०) या संगणकशास्त्रज्ञाला दिले जाते. झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात, १९७० च्या दशकाच्या मध्यावर, टेस्लर आणि टिम मॉट यांनी 'जिप्सी' नावाची लेखन-संपादनाची आज्ञावली तयार केली. त्या काळी संपादक मंडळी छापील मजकुराचे तुकडे कात्रीने कापत आणि गोंदाने दुसरीकडे चिकटवत. तेच काम पडद्यावर आणले गेले, आणि म्हणून त्याला 'कट' आणि 'पेस्ट' ही नावे मिळाली. पुढे अ‍ॅपलच्या लिसा (१९८३) आणि मॅकिंटॉश (१९८४) या संगणकांमुळे ही सोय सर्वसामान्यांच्या हाती आली.

कॉपी केलेला मजकूर नेमका कुठे असतो, याचे उत्तर सगळ्या संगणकांत सारखे नाही. साधारणपणे तो संगणकाच्या कार्यप्रणालीच्या ताब्यात, तात्पुरत्या स्मृतीत असतो. लिनक्सवर दीर्घकाळ वापरात असलेल्या 'एक्स' या चित्रप्रणालीत मात्र वेगळीच तऱ्हा आहे. तिथे कॉपी म्हटल्यावर काहीच हलत नाही! ज्या आज्ञावलीत आपण मजकूर निवडला ती फक्त जाहीर करते, "सध्या कॉपी माझ्याकडे आहे." आपण दुसरीकडे पेस्ट म्हटले की ती दुसरी आज्ञावली पहिलीकडे मजकूर मागते आणि पहिली तो देते. म्हणूनच लिनक्सवर कधी कधी कॉपी करून मूळ खिडकी बंद केली की पेस्ट होत नाही. देणारीच निघून गेलेली असते.

दोन्ही पद्धतींत एक गोष्ट समान आहे. संगणकावर चालणारी कोणतीही आज्ञावली साधारणपणे हा कागद मागू शकते, आणि तिला तो मिळतो. पुठ्ठ्याला चिमटा आहे, कुलूप नाही. हे लक्षात ठेवून पुढे जाऊ.

कळांऐवजी आज्ञा

आपण क्लिपबोर्डला ओळखतो ते कळफलकावरून. पण त्याच्याशी लेखी आज्ञांनीही बोलता येते. काळ्या खिडकीत एक ओळ टंकायची आणि एंटर दाबायचे. (या आज्ञा संगणकावर रोमन लिपीत टंकायच्या असतात. इथे त्यांचे उच्चार दिले आहेत.)

मॅक संगणकावर 'पीबी-कॉपी' आणि 'पीबी-पेस्ट' अशा दोन आज्ञा आहेत. पीबी म्हणजे पेस्टबोर्ड. लिनक्सवर 'एक्स-क्लिप' ही एकच आज्ञा दोन्ही कामे करते, आणि वेलँड या नव्या चित्रप्रणालीत 'डब्ल्यूएल-कॉपी' व 'डब्ल्यूएल-पेस्ट' अशी जोडी आहे. लिनक्सवरच्या या आज्ञा बहुधा वेगळ्या बसवून घ्याव्या लागतात. विंडोजच्या पॉवरशेल या आज्ञा-खिडकीत 'गेट-क्लिपबोर्ड' आणि 'सेट-क्लिपबोर्ड' आहेत. नावे निराळी, काम एकच. एक आज्ञा क्लिपबोर्डवरचे वाचून बाहेर देते, दुसरी बाहेरून आलेले क्लिपबोर्डवर ठेवते.

या आज्ञांना खरे बळ येते ते 'पाइप'मुळे. पाइप म्हणजे कळफलकावरची उभी रेघ. ती दोन आज्ञांच्या मधे टाकली की पहिलीतून बाहेर पडणारे सगळे दुसरीत शिरते. बागेतल्या पाण्याच्या नळीचे तुकडे जसे एकमेकांना जोडतात तशा आज्ञा जोडता याव्यात, ही सूचना डग्लस मॅकिलरॉय यांनी १९६४ सालीच केली होती. १९७३ मध्ये केन थॉम्प्सन यांनी ती युनिक्स या कार्यप्रणालीत उतरवली. आजचे लिनक्स आणि मॅक त्याच परंपरेतले आहेत. उदाहरणार्थ,

पीबी-पेस्ट | सॉर्ट | पीबी-कॉपी

ही ओळ क्लिपबोर्डवरची यादी वाचते, तिच्या ओळी अक्षरक्रमाने लावते आणि पुन्हा क्लिपबोर्डवर ठेवते. तिन्ही आज्ञांना एकमेकींची काहीच माहिती नसते. एकीने सोडायचे, दुसरीने घ्यायचे, एवढेच. आता कल्पना करा, की ही नळी एका यंत्रातून निघून दुसऱ्या यंत्रात शिरली तर? आपले काम झालेच!

नळीतून वाहते काय?

पण मराठी मजकूर अशा नळीतून सुखरूप जाईल का? हे पाहण्यासाठी एक सोपा प्रयोग करता येतो. 'शाळा' हा शब्द कॉपी करा आणि आज्ञा द्या:

पीबी-पेस्ट | डब्ल्यूसी -सी

डब्ल्यूसी ही मोजणारी आज्ञा आहे. पुढे 'सी' लावला की ती बाइट मोजते. (लिनक्सवर पीबी-पेस्टच्या जागी तिथली वाचण्याची आज्ञा टाकावी.) उत्तर येते १२. विद्यार्थी गोंधळतात. अक्षरे दोन, मग बारा कसे?

'शाळा' मध्ये संगणकाच्या दृष्टीने चार चिन्हे आहेत: श, काना, ळ, काना. युनिकोड या जागतिक संकेतात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला स्वतंत्र क्रमांक आहे, आणि यूटीएफ-८ या पद्धतीने तो लिहिताना तीन बाइट लागतात. चार त्रिक बारा. 'श' चे तीन बाइट म्हणजे २२४, १६४ आणि १८२ हे तीन आकडे. 'विद्यार्थी' या शब्दात चिन्हे दहा, कारण दोन हलन्तही वेगळे मोजले जातात. म्हणून त्याचे बाइट तीस. रोमन अक्षरांना मात्र एकच बाइट पुरतो. यूटीएफ-८ ही पद्धत १९९२ मध्ये केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी तयार केली. पाइप प्रत्यक्षात आणणारे थॉम्प्सन ते हेच.

तेव्हा नळीतून अक्षरे वाहत नाहीत, आकडे वाहतात. पाठवणाऱ्याने आणि घेणाऱ्याने ते एकाच संकेताने वाचले तर 'शाळा' ची शाळाच राहते. घेणाऱ्याने प्रत्येक बाइट म्हणजे एक रोमन चिन्ह असे समजून वाचले, तर एका 'श' च्या जागी तीन विचित्र चिन्हे उमटतात. जुन्या मराठी फाँटमध्ये टंकलेला मजकूर दुसरीकडे चिकटवल्यावर रोमन अक्षरांची खिचडी दिसते, तीही याच जातीची अडचण. त्या फाँटांत 'श' ला स्वतःचा क्रमांकच नव्हता. रोमन चिन्हाच्या घरात 'श' चे चित्र बसवलेले होते. क्लिपबोर्डने नेला तो क्रमांक, चित्र मागेच राहिले.

एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात

दोन यंत्रांमध्ये नळी जोडण्याचे काम करणारी एक जुनी आणि भरवशाची आज्ञा म्हणजे 'एसएसएच'. तिच्या मदतीने ओळ अशी होते:

पीबी-पेस्ट | एसएसएच (दुसऱ्या यंत्राचा पत्ता) पीबी-कॉपी

अर्थ असा: इथला क्लिपबोर्ड वाच, तो त्या यंत्रापर्यंत ने, आणि तिथे 'पीबी-कॉपी' ही आज्ञा चालवून तिच्या हाती दे. त्यासाठी दुसऱ्या यंत्रावर आपले खाते हवे आणि एसएसएचची सेवा चालू हवी. ते यंत्र लिनक्सचे असेल तर कोणत्या पडद्याचा क्लिपबोर्ड, हेही सांगावे लागते. पत्ता म्हणजे १९२.१६८.१.५ यासारखे चार आकडे. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते घरातल्या किंवा शाळेतल्या अंतर्गत जाळ्यांसाठी राखून ठेवलेले आहेत. इमारतीतल्या खोल्यांच्या क्रमांकांसारखे ते त्या इमारतीपुरतेच असतात.

ही पद्धत 'मी सांगेन तेव्हाच ने' अशी आहे. प्रत्येक वेळी ओळ टंकावी लागते. हे नको असेल तर आपोआप काम करणारी साधने आहेत. 'युनिक्लिप' हे त्यांपैकी एक. पहिल्या यंत्रावर नुसते त्याचे नाव टंकले की ते एक पत्ता दाखवते. दुसऱ्या यंत्रावर तेच नाव आणि पुढे तो पत्ता टंकला की दोन्ही क्लिपबोर्ड एक होतात. तिसरे, चौथे यंत्रही असेच जोडता येते.

अशा साधनाच्या पोटात काय चालत असावे, हे बारावीच्या विद्यार्थ्यालाही तर्काने सांगता येईल. थोड्या थोड्या वेळाने क्लिपबोर्ड वाचायचा. मघापेक्षा वेगळा असेल तर तो इतरांना पाठवायचा. इतरांकडून आलेला आपल्या क्लिपबोर्डवर ठेवायचा. पण इथे एक फसगत आहे. 'अ' ने 'ब' ला मजकूर पाठवला. 'ब' चा क्लिपबोर्ड बदलला. तो बदल पाहून 'ब' ने तोच मजकूर 'अ' ला परत पाठवला, आणि 'अ' ने पुन्हा 'ब' ला! दोन आरशांमध्ये ठेवलेल्या दिव्याच्या प्रतिमांसारखी ही ये-जा थांबणारच नाही. उपाय साधा आहे. बाहेरून जे आले ते लक्षात ठेवायचे आणि तेच परत पाठवायचे नाही. हा प्रश्न वर्गात मांडून उपाय मुलांनाच शोधू द्यावा.

वाटेत कोण ऐकते?

आता तिसरा प्रश्न. युनिक्लिप नुसते सुरू केले तर ते मजकूर कुलूपबंद करत नाही. जाळ्यातल्या ज्याला पत्ता कळेल तो या सामायिक क्लिपबोर्डात सामील होऊ शकतो, आणि मधे कान लावून बसलेल्याला मजकूर वाचता येतो. कुलूप हवे असेल तर आज्ञेला 'सिक्युअर' हा शब्द जोडावा लागतो आणि सर्व यंत्रांवर एकच परवलीचा शब्द द्यावा लागतो. वाय-फायचा परवलीचा शब्द बाहेरच्यांना अडवतो, पण प्रयोगशाळेतल्या चाळीस विद्यार्थ्यांना तो माहीत असेल, तर ते सगळे 'आतले'च झाले.

एसएसएचचा जन्म मुळी याच धोक्यातून झाला. १९९५ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर कोणीतरी कान लावून परवलीचे शब्द चोरले. तेथील संशोधक तातू युलोनेन यांनी त्यावर उपाय म्हणून एसएसएच लिहिली. तिच्यात सगळा मजकूर सांकेतिक रूपात जातो.

पण मग चाणाक्ष विद्यार्थी विचारेल, "कुलपाची किल्लीही त्याच वाटेने पाठवायची ना? ऐकणारा तीच ऐकेल!" या प्रश्नाला व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये दिलेले उत्तर फळ्यावर करून दाखवता येते. दोन संख्या सर्वांसमोर लिहा: २३ आणि ५. आता बाईंनी मनात ३ हा आकडा धरला, सरांनी ४. कोणी कोणाला सांगायचे नाही.

बाई ५ चा तिसरा घात काढतात: १२५. त्याला २३ ने भागून बाकी १०. सर ५ चा चौथा घात काढतात: ६२५. बाकी ४. हे १० आणि ४ दोघे मोठ्याने सांगतात. आता बाई सरांच्या ४ चा तिसरा घात काढतात: ६४. बाकी १८. सर बाईंच्या १० चा चौथा घात काढतात: १०,०००. बाकी १८. दोघांना एकच किल्ली मिळाली, आणि १८ हा आकडा कोणी उच्चारलाही नाही!

ऐकणाऱ्याजवळ २३, ५, १० आणि ४ हे चारही आकडे आहेत. एवढ्या लहान संख्या असताना तो पडताळे घेत १८ शोधून काढेल. पण २३ च्या जागी शेकडो अंकांची संख्या असेल, तर आजच्या संगणकांनाही ते आवाक्याबाहेरचे होते. एसएसएच याच धर्तीच्या पद्धतीने किल्ली ठरवते.

मात्र यात एक गृहीत आहे. बाईंना खात्री हवी की समोर सरच आहेत. म्हणून एसएसएच पहिल्यांदा जोडताना त्या यंत्राची ओळखखूण दाखवते आणि विचारते, "हेच ते यंत्र ना?" बहुतेक जण न वाचताच होय म्हणतात. दुसऱ्या यंत्राजवळ जाऊन ती खूण एकदा ताडून पाहावी. पुढे प्रत्येक वेळी एसएसएच स्वतःच ती ताडते.

कुलूप असूनही

समजा वाट कुलूपबंद आहे. तरी काम संपले नाही, कारण कुलूप वाटेला आहे, दोन्ही टोकांना नाही. क्लिपबोर्ड मुळात उघडा आहे हे आपण सुरुवातीलाच पाहिले. पूर्वी त्याचा उघडेपणा एका यंत्रापुरता होता. आता तो जोडलेल्या प्रत्येक यंत्रावर पसरतो.

पुन्हा आपल्या प्रश्नपत्रिकेकडे येऊ. बाईंनी लॅपटॉप आणि प्रयोगशाळेतला संगणक जोडला आणि परिच्छेद नेला. काम झाले, पण साधन चालूच राहिले. संध्याकाळी त्यांनी लॅपटॉपवर उत्तरसूची कॉपी केली, नंतर बँकेचा परवलीचा शब्द. दोन्ही त्याच क्षणी प्रयोगशाळेतल्या संगणकावर पोचले. तिथे बसलेल्या विद्यार्थ्याने पेस्टची कळ सहज दाबली तरी पुरे. यात कोणी चोरी केलेली नाही. यंत्राने सांगितलेले काम चोख बजावले. परिच्छेद, उत्तरसूची आणि परवलीचा शब्द, यंत्राच्या लेखी तिन्ही नुसते बाइट. काय न्यायचे आणि काय नाही, हा फरक फक्त माणसाला कळतो.

कार्यप्रणाली बनवणाऱ्यांनीही हे ओळखले आहे. अँड्रॉइडच्या दहाव्या आवृत्तीपासून (२०१९) पडद्यामागे चालणाऱ्या अ‍ॅपना क्लिपबोर्ड वाचण्यास मनाई आहे. म्हणूनच फोनवरून संगणकाकडे आपोआप कॉपी नेणे अवघड जाते, त्यासाठी अ‍ॅप समोर उघडावे लागते. २०२० मध्ये आलेल्या आयओएस १४ पासून आयफोन, कोणत्या अ‍ॅपने दुसऱ्या अ‍ॅपमधली कॉपी वाचली, हे सांगू लागला. दुसऱ्या बाजूने, अ‍ॅपलने २०१६ मध्ये आणि विंडोजने २०१८ मध्ये यंत्रांमधला सामायिक क्लिपबोर्ड स्वतःच देऊ केला. सोय आणि सावधगिरी अशी जोडीने चालते.

शिक्षकांसाठी व्यवहार्य नियम थोडेच आहेत. सार्वजनिक संगणकावर आपोआप जोडणारे साधन वापरू नये. तिथे 'मी सांगेन तेव्हाच ने' ही पद्धत बरी. आपोआपचे साधन वापरायचेच तर परवलीच्या शब्दासह सुरू करावे आणि काम होताच बंद करावे. जाताना एखादा निरुपद्रवी शब्द कॉपी करावा, म्हणजे पुठ्ठ्यावरचा आधीचा कागद निघून जातो. विंडोजमध्ये क्लिपबोर्डचा इतिहास चालू ठेवला असेल, तर तोही पुसावा.

वर्गात मात्र हे सगळे जरूर करून पाहावे. 'शाळा' चे बाइट मोजावेत, फळ्यावर १८ ची किल्ली काढावी. शेवटी दोन यंत्रे जोडून एका गटाला इकडे कॉपी करू द्यावे आणि दुसऱ्या गटाला तिकडे नुसते पेस्ट करत बसू द्यावे. थोड्याच वेळात कोणीतरी नको ते कॉपी करतो आणि पलीकडे हशा पिकतो. परवलीचे शब्द का जपायचे हा धडा त्या हशातून मुलांना मिळतो, आणि तो पुन्हा समजावून सांगावा लागत नाही.